पहिला एफ कोणाला दिसतो?

गेल्या मे महिन्यात निवृत्त झालो. २२ वर्षं एका कॉलेजच्या परीक्षा विभागात क्लार्क होतो, कुठल्या ते विचारू नका. फॉर्म घेतले, सीट नंबर लावले, मार्कशीटा वाटल्या. नोकरीत असताना तोंड बंद ठेवावं लागतं. आता बोलतो, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला एक मुलगा. बापाचा खाणीवर ट्रक होता. खाणी २०१२ साली बंद पडल्या तेव्हा ट्रक अंगणात उभा राहिला, पुन्हा सुरू झाल्या तेव्हा चालला, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्यावर विकला गेला. मुलगा २०२३ मध्ये बी.कॉम.ला आला, नव्या शैक्षणिक धोरणाच्या पहिल्याच बॅचमध्ये. रात्री कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला, सकाळी कॉलेज. पहिल्या सेमिस्टरला अकाउंट्समध्ये एफ, म्हणजे नापास. खिडकीशी येऊन त्याने विचारलं, "सर, हें चलता मू?"

मी म्हटलं, "चलता. फॉर्म भर."

दुसऱ्या सेमिस्टरला तीन एफ. पुन्हा तेच. "चलता, फॉर्म भर." खोटं नव्हतं ते. एटीकेटी म्हणजे तरी काय? मागचे पेपर पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात बसायची परवानगी. ही सवलत हवीच, ती नसती तर आमच्या गावातली निम्मी पोरं ग्रॅज्युएट झालीच नसती. पण मी जे 'चलता' म्हटलं ना, ते अजून कानात वाजतं.

एका एफने काय होतं, ते आकड्यात सांगतो, कारण पालक सोडाच, मुलांनाही ते कळलेलं नसतं. यूजीसीच्या दहाच्या मापात बी म्हणजे ६, सी ५, काठावर पास म्हणजे पी ४, आणि एफ म्हणजे सरळ शून्य. पाच पेपर धरा, प्रत्येकी चार क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे पेपरचं वजन, पास झालं तरच हातात पडतं). चार पेपरांत बी आणि पाचव्यात एफ आला तर सरासरी ४.८. तोच पेपर काठावर सुटला असता तर ५.६. तीन एफ पडले की उरलेल्या दोन बीनी काय करायचं? २.४. पुढच्या सेमिस्टरला नवे पाच पेपर, त्यात मागचे चार. गणेशचतुर्थीच्या सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे आयएसए, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, त्यात रात्रपाळी. हिशेब तुम्हीच करा.

तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागल्यावर त्याची आई आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत चौथीपासूनची सगळी प्रगतिपुस्तकं. गावच्या सरकारी मराठी शाळेतलं चौथीचं पुस्तक सगळ्यात वर होतं, गणितात 'अ'. (पाचवीला इंग्रजी माध्यम सुरू झालं आणि 'अ' गेला, तेही त्याच पिशवीत दिसत होतं. तो विषय वेगळा, पुन्हा कधीतरी.) मला म्हणाली, "सर, तो पास आसा न्ही?"

तिचं चुकलं कुठे? पोरगा एफवायमधून एसवायला गेला, वर्ग पुढे सरकला म्हणजे पास. पूर्वी निकाल बोर्डावर लागायचा, संध्याकाळपर्यंत गावच्या तिठ्यावर बातमी पोचायची. लाज वाटायची, पण घराला कळायचं. आता निकाल मोबाईलवर येतो आणि पासवर्ड मुलाकडे. मुलगा वीस वर्षांचा, सज्ञान, त्याचे मार्क मी त्याच्या परवानगीशिवाय सांगू शकत नाही. ते योग्यही आहे. "त्यालाच विचारा," म्हटलं. पिशवीला गाठ मारून ती बस पकडायला गेली.

माझा भाचा अमेरिकेत एम.एस. करतो. तिथे मास्टर्सला बहुतेक ठिकाणी चारपैकी ३.० सरासरी राखावी लागते. तीन कोर्सांत दोन बी आणि एक सी आला की झाले २.६७. त्याला पत्र आलं, अकॅडमिक प्रोबेशनचं. बहिणीने रडत मला फोन केला, मुलाला काढून टाकलं म्हणून. काढलं नव्हतं. एक सेमिस्टर मुदत, सल्लागाराला भेटायचं, सरासरी वर कशी आणणार ते लिहून द्यायचं. नाहीच जमलं तर मग काढतात, आणि परदेशी मुलाचा व्हिसा शिक्षणावर उभा असतो, त्यामुळे बॅग भरायची वेळ येते. कडक आहे, मला तसं इथे नको. पण एक गोष्ट पाहा: घसरला त्याच सेमिस्टरला कोणीतरी त्याला समोर बसवलं.

आमच्याकडे ७५ टक्के हजेरी नसली की नोटीस लागते, पालकांना बोलावणं जातं. ग्रेड घसरली तर? परीक्षा फीची पावती. मेंटॉर, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवणारा शिक्षक, असतो म्हणाल. असतो, नॅकला, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेला, किती मुलांमागे किती मेंटॉर ते दाखवावं लागतं. आमच्या कॉलेजातली ती वही नॅकची समिती यायच्या आधीच्या आठवड्यात एकाच पेनाने भरलेली मी पाहिली आहे. शिक्षकांना दोष देत नाही. कंत्राटी, तासांवर पगार घेणाऱ्या माणसाने तीस मुलांची मनं कधी ओळखायची?

नव्या धोरणात मधूनच बाहेर पडायची सोय आहे असं कोणीतरी कमेंटमध्ये लिहीलच, म्हणून आधीच सांगतो. वर्षाला ४० क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स केला तर सर्टिफिकेट, तीन वर्षांत परत येता येतं, सात वर्षांत डिग्री पुरी करायची. छान. पण ४० मिळवले असतील तर. आमच्या मुलाकडे वर्षअखेर होते २४. ते सरकारच्या क्रेडिट बँकेत त्याच्या नावावर जमा राहतात म्हणे. २४ क्रेडिट घेऊन तो घरी बसला असता तर त्याला कोणी काय म्हटलं असतं? कॉलेज सोडलेला. दार आहे, ते पास होणाऱ्यासाठी आहे.

माझं मागणं छोटं आहे. पहिल्या सेमिस्टरला दोन एफ पडले किंवा सरासरी चारच्या खाली गेली की त्या मुलाला पंधरा मिनिटं बोलवा. शिक्षकाला वेळ नसेल तर क्लार्कला सांगा, आम्हाला यादी आधी दिसते.

निवृत्तीच्या आठवड्यात तो फॉर्म घेऊन आला, तेव्हा पहिल्यांदा मी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली. अकाउंट्स का राहतं रे सारखं? म्हणाला, पेपर सकाळी साडेनऊला, रात्रपाळी सहाला सुटते. "पेपरात न्हिदलों सर." सुपरवायझरने उठवलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. दोनदा असं झालेलं.

"कोणी विचारलं नाही तुला?"

"तुमीच पयले."

जुन्या फॉर्मच्या पाठीवर आम्ही राहिलेले पेपर लिहिले, त्यातले दोन ऑक्टोबरसाठी वेगळे काढले. दिवसपाळी मागतो म्हणाला, मिळाली की फोन करतो. अजून आलेला नाही. नंबर आहे माझ्याकडे, आज मीच लावतो.