कोल्हापूर लागतंय की!

मोबाइलला रेडिओ जोडणं हा छंद आहे, असं तो करणारे सांगतात. घरच्यांच्या मते तो आजार आहे आणि तो अंगात असेपर्यंत घरातल्या कुठल्याच तारेवर, हँगरवर आणि मोजपट्टीवर भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं.

प्रकार सांगायला सोपा आहे. डिजिटल टीव्ही बघता यावा म्हणून पेनड्राइव्हएवढी डोंगलं बाजारात आली होती. त्यातली आरटीएल 2832यू नावाची चिप टीव्ही सोडून हवेतल्या लहरींचे कच्चे नमुनेही बाहेर देऊ शकते, हे 2012 च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आलं. रेडिओच्या पोटातलं बरंचसं काम त्यांनी मग सॉफ्टवेअरच्या गळ्यात घातलं. पुढं अँड्रॉइडवर अ‍ॅपं आली, एसडीआर टच, आरएफ अ‍ॅनालायझर वगैरे. डोंगलमधला ट्यूनर, म्हणजे लहर निवडणारा भाग, बरा असेल तर साधारण 24 पासून 1766 मेगाहर्ट्झपर्यंतचं आकाश खिशात मावतं म्हणतात. खिसा कुणाचा ते सांगत नाहीत. माझ्या खिशात मोबाइल, डोंगल, ते मोबाइलला जोडणारी ओटीजी केबल, अँटेना, अँटेनाची वायर आणि तिच्या टोकाला लागणारा, नेमका आपल्याकडं नसलेला कनेक्टर एवढं मावत नाही. त्यासाठी आईची भाजीची पिशवी आहे.

खरा छळ सुरू होतो तो मोबाइलच्या बुडाशी. भोक एकच. तिथं डोंगल लावलं की चार्जर लागत नाही, चार्जर लावला की डोंगल नाही. बरं, डोंगल स्वतः काही कमवत नाही, जेवायला मोबाइलकडंच. तीनशेएक मिलीअँपिअर पिऊन ते असं तापतं की हात लावला की पुढचा शब्द आपोआप तोंडातून निघतो. त्यात सेकंदाला 24 लाख नमुने ते मोबाइलच्या अंगावर फेकत असतं. मोबाइल बिचारा ते उपसतो, पडदा पिवळा-निळा रंगवतो, आवाज काढतो, आणि बॅटरीचा आकडा डोळ्यांदेखत उतरत जातो. मग फोन बनवणाऱ्याला दया येते. 'हे अ‍ॅप फार बॅटरी खात होतं, म्हणून बंद केलं आहे,' असा संदेश येतो. बरोबर त्या क्षणी येतो, ज्या क्षणासाठी आपण अर्धा तास उन्हात उभे असतो.

तापण्याचा आणखी एक जाच आहे. डोंगलमधला ताल धरणारा स्फटिक गरम झाला की त्याचा ताल सरकतो आणि केंद्र भलत्याच आकड्यावर दिसतं. दहा लाखांत पन्नास भागांची चूक म्हणजे 100 मेगाहर्ट्झला 5 किलोहर्ट्झचा फरक. मे महिन्यात सांगलीत माणूस जागेवर राहत नाही, तिथं स्फटिकाला काय बोलायचं. मी ती चूक भरून काढणारं 'पीपीएम' नावाचं बटण खालीवर करत बसतो आणि बायको दारातून विचारते, "अहो, एवढं काय दळताय?"

पण या सगळ्यापेक्षा अवघड असतो तो घरच्यांचा प्रश्न. काय ऐकू येतं यावर? मी सांगितलं, विमानं कळतात. 1090 मेगाहर्ट्झवर प्रत्येक विमान आपली उंची नि ठावठिकाणा ओरडत जातं, गच्चीवरनं दीड-दोनशे किलोमीटरवरचंही कळतं. उपग्रह कळतात. नाना, म्हणजे आमचे वडील, शांतपणे ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "सांगली लागतंय का?"

नानांची सांगली म्हणजे आकाशवाणी सांगली, मध्यम लहरी, 1251 किलोहर्ट्झ. त्यांच्या जुन्या रेडिओच्या काचेवर त्या जागी नेलपॉलिशची खूण आहे. आता 1251 किलोहर्ट्झ म्हणजे सव्वा मेगाहर्ट्झ आणि माझं डोंगल सुरू होतं 24 पासून. म्हणजे नाही लागत. हे मी आकडेमोडीसकट समजावलं, तशी खुर्चीत जरा पुढं सरकून त्यांनी विचारलं, "मग लागतंय काय?"

"कोल्हापूर लागतंय की! 102.7."

सांगलीत बसून, सांगलीकराच्या पैशानं, सांगलीकराच्या गच्चीवर कोल्हापूर लागतं आणि सांगली लागत नाही. या वाक्याचा नानांवर काय परिणाम झाला, हे कळायला वाचकाचा पत्ता या दोन जिल्ह्यांतला पाहिजे. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा ठेवला.

उपाय नाही असं नाही. काही डोंगलांत ट्यूनरला वळसा घालून थेट खालच्या लहरी घ्यायची सोय असते. अ‍ॅपमध्ये ती चालू करायची खूण सापडली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे अँटेना. 1251 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी भरते 240 मीटर. तिच्या पाव लांबीची तार म्हणजे 60 मीटर. आमच्या गच्चीवरनं 60 मीटर तार ताणली तर ती शेवग्याच्या झाडावरून, चार घरांच्या टाक्यांवरून किराणा दुकानाच्या पत्र्यावर जाते. तेवढी जमली नाही म्हणून कपडे वाळत घालायची तारच जोडली. ऐकू काय आलं? आमच्या इन्व्हर्टरची गुणगुण. नानांनी कपाटातून आपला रेडिओ काढला, सेल घातले, दोन्ही हातांनी जरासा पूर्व-पश्चिम फिरवला आणि माझ्याकडं न बघता परत ठेवून दिला. त्या रेडिओच्या पोटात फेराइटची कांडी असते, ती फिरवली की घरचा कचरा, म्हणजे घरातल्या विजेच्या उपकरणांची खरखर, कमी होतो, हे मला ठाऊक आहे. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

घरचा कचरा या विषयावर मात्र मी बोलू शकतो. अ‍ॅपमध्ये 'वॉटरफॉल' म्हणून एक पडदा असतो. प्रत्येक लहर तिथं रंगीत रेघ होऊन वरनं खाली उतरत राहते. जगातली केंद्रं दिसावीत म्हणून तो दिलाय. आमच्याकडं त्यात घरातली माणसं दिसतात. आईनं मिक्सर लावला की आख्खा पडदा पांढरा. बायकोनं लॅपटॉपचा चार्जर लावला की समान अंतरावर उभ्या रेघा, शाळेच्या वहीसारख्या. बेडरूममधला एलईडी दिवा लागला की डावीकडं धुरळा उठतो. एका रात्री साडेअकराला धुरळा उठला तसं मी गच्चीवरनं मुलाला ओरडलो, "मोबाइल बघायला दिवा लागतो काय रे?" तो तेव्हापासून अंधारात बघतो.

गणपतीत तर विचारू नका. आमच्याकडं गणपती म्हणजे संस्थानी थाट. त्यात समोरच्या मंडळानं लुकलुकणाऱ्या माळा सोडल्या की पडद्यावर नुसता गुलाल. मंडळाच्या अध्यक्षाला मी एकदा म्हटलं, "तुमच्या माळांमुळं मला उपग्रह येईना झालाय." तो म्हणाला, "विसर्जनानंतर पाठवून देतो."

शेजारच्या काकांना वेगळीच काळजी. अँटेना दिसली की ते कठड्यावर येतात. आधी त्यांना वाटायचं मी फुकटात डिशचे चॅनेल काढतोय. तेव्हा ते आपुलकीनं वागायचे. हा नुसता रेडिओ आहे म्हटल्यावर आवाज खाली आणून विचारलं, "पोलिसांचं ऐकता काय?" नाही ऐकत. कायद्यानं ते चालत नाही, आणि दुसऱ्याच्या संभाषणाला कान लावायची हौस भागवायला आमची गल्ली पुरेशी आहे. काकांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. त्यांच्या तरुणपणी साधा रेडिओ ठेवायलाही पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागायचा. तेव्हापासून रेडिओ आणि सरकार यांची त्यांच्या मनातली गाठ सुटलेली नाही.

आता यागीचं सांगतो, म्हणजे एका दिशेला रोखून धरायच्या अँटेनाचं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आपल्या डोक्यावरून जातं. वर चारशेएक किलोमीटर, वेग ताशी 27 हजार किलोमीटरच्या पुढं, त्यामुळं एका क्षितिजावरून दुसऱ्या क्षितिजावर दहा मिनिटांत पसार. तिथून 145.800 मेगाहर्ट्झवर कधी अंतराळवीर शाळेतल्या पोरांशी बोलतात, तर कधी मधूनच काही दिवस चित्रं सोडतात. ती पकडायला यागी अँटेना बरी. आणि घरगुती यागी उत्तम होते ती सुताराच्या स्टीलच्या टेपची: मीटर-मीटरभराचे तीन तुकडे, मधे पीव्हीसीचा पाइप. आमच्या घरातली टेप नानांची. ती आता तीन मीटरपासून सुरू होते. खिडक्यांच्या जाळीचं माप घ्यायला आलेला माणूस म्हणाला, "तुमची खिडकी सव्वाचार मीटर रुंद आहे." नानांनी त्याला चहा पाजला आणि मला हाक मारली.

यागी हातात धरून रिकाम्या आकाशात हळूहळू फिरवणारा माणूस लांबून कसा दिसतो, याचा विचार करू नये. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या असतात, त्यांतनं पाय टाकायचे असतात, आणि 'त्यांच्यावर त्या कांडीची सावली पडू देऊ नका' अशी सूचनाही पाळायची असते. एवढ्यात भर म्हणजे स्थानक येतं तेव्हा त्याची लहर साडेतीन किलोहर्ट्झनं वर असते आणि जाताना तेवढीच खाली. म्हणजे एका हातानं यागी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ट्यूनिंग, आणि नजर कुरडयांवर.

चित्राचं तंत्र मात्र मला फार आवडतं, कारण ते अगदी गावठी आहे. वरून येतात त्या नुसत्या शिट्ट्या. काळ्याला 1500 हर्ट्झ, पांढऱ्याला 2300 आणि मधले रंग मधे. एक चित्र उतरायला दोन मिनिटं लागतात, मग दोनेक मिनिटं सामसूम, मग पुढचं. माझा मोबाइल आवाज काढतो आणि दुसऱ्या मोबाइलवरचं रोबोट 36 नावाचं अ‍ॅप माइकमधनं तो ऐकून ओळीओळीनं चित्र काढतं. दुसरा मोबाइल अर्थातच बायकोचा. माझा विमान मोडवर टाकता येतो. तिचा टाकता येत नाही, कारण तिची मावशी दहाच्या सुमारास फोन करते आणि लागला नाही तर थेट घरी येते.

आमचं स्वयंपाकघर गच्चीला लागून आहे. त्या दिवशी स्थानक दहा-सव्वादहाला येणार होतं. बायको बँकेत गेलेली, फोन माझ्याकडं ठेवून. आई देवळात. जाताना तिनं तूरडाळीचा कुकर चढवला आणि नानांना बजावलं, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." नाना पेपर घेऊन दारातल्या खुर्चीत बसले.

स्थानक आलं. हरिपुराच्या बाजूला यागी रोखली आणि खरखरीतनं ती किणकिण उगवली. बॅटरी 11 टक्के. बायकोच्या मोबाइलवर वरून एकेक ओळ उतरायला लागली: निळा काठ, काही अक्षरं, एका माणसाच्या शिरस्त्राणाचा वरचा भाग. माझा श्वास अडकला होता. आणि आत कुकरनं शिट्टी दिली. माइकला त्यातलं काय कळणार? त्याला शिट्टी ती शिट्टीच. शिरस्त्राणाच्या बरोबर कपाळावरून एक रंगीबेरंगी पट्टा उमटला. खाली छातीवर दुसरा. चित्र संपलं, स्थानक गप्प झालं. नंतर ते बोललं तेव्हा मिरजेकडं क्षितिजाला टेकलेलं होतं आणि पदरात आली ती नुसती खरखर.

जेवायला डाळ कच्ची निघाली. आईनं वाटी बाजूला सारली. "किती शिट्ट्यांवर बंद केला?"

"तीन," नाना म्हणाले.

"तीन झाल्या असत्या तर ही डाळ अशी वाजली नसती. दोनच झाल्या."

"मी मोजल्यात."

"पेपर वाचत मोजल्यात."

मी मोठ्या कौतुकानं चित्र दाखवायला मोबाइल पुढं केला होता. अवकाशातनं आलंय, चारशे किलोमीटरवरनं, आपल्या घरच्या टेपवर. आईनं चष्मा लावला, बोटांनी मोठं केलं, शिरस्त्राणाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. "हे पट्टे कसले?" मी सांगितलं. तिनं एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि मोबाइल नानांच्या ताटाशेजारी ठेवला. "मोजा."

नानांनी मोजले. माझ्या या सगळ्या उद्योगाकडं त्यांनी इतक्या बारकाईनं कधी पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "हे चित्र झाल्यावर ते लोक किती वेळ गप्प असतात म्हणालास?"

"दोनेक मिनिटं."

"मग तिसरी तेव्हा झाली," नाना म्हणाले. "तुझं स्थानक गप्प बसलं, त्याला मी काय करू?"

आईनं डाळ परत कुकरात ओतली, गॅस पेटवला आणि बायकोचा मोबाइल ओट्यावर, मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा केला. "स्थानक येवो न येवो," ती मला म्हणाली, "हे चालू राहू दे."