फळ्यावरचं बरोबरचं चिन्ह

परवा एका घरी जेवायला गेलो होतो, तिथे पुन्हा तेच ऐकलं. "या देशाला पाच वर्षं हुकूमशहाच पाहिजे, सगळे सरळ होतील." आणि लगेच, "आफ्रिकेत बघा, गोरे गेले आणि सगळं मातीत गेलं. त्यांना लोकशाही पेललीच नाही." भरल्या ताटावर वाद नको म्हणून गप्प बसलो. त्याची बोचणी अजून जात नाही, म्हणून लिहितोय.

मध्य आफ्रिकेतल्या काँगोचं घ्या. 1885 पासून आधी बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता, मग बेल्जियमची वसाहत. 30 जून 1960 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा त्या अवाढव्य देशात तीससुद्धा पदवीधर नव्हते. फौजेत काँगोचा माणूस फार तर सार्जंट-मेजर व्हायचा, अधिकारी सगळे गोरे. लिओपोल्डच्या काळात ही फौज वापरली गेली ती गावकऱ्यांकडून रबर वसूल करायला, हातात पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक देऊन. सीमेचं रक्षण हे तिचं मुख्य काम नव्हतं.

स्वातंत्र्याला पाच दिवस झाले होते. फौजेचा बेल्जियन सेनापती यान्सन्स याने सैनिकांना समोर बसवलं आणि फळ्यावर लिहिलं : 'स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर'. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मधल्या त्या दोन रेघा डोळ्यांसमोरून हलेनात. सैनिक बिथरले, बंड झालं. आठवडाभरात तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत बेल्जियमच्या पाठबळावर फुटून निघाला. पेलायला त्यांच्या हाती दिलं काय होतं?

पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा पस्तीस वर्षांचे. त्यांनीच विश्वासाने सेनेत वर आणलेला माणूस म्हणजे मोबुटू, माजी सार्जंट-मेजर. सप्टेंबरात त्याने सत्ता हातात घेतली, अमेरिकेच्या आशीर्वादाने. 17 जानेवारी 1961 ला लुमुंबांना कटांगात नेऊन गोळ्या घातल्या. मागे खूण राहू नये म्हणून बेल्जियन पोलिसांनी त्यांचा देह आम्लात विरघळवला. कटांगाचं बंड मोडायला गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत आपले जवान होते. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया त्याच वर्षी 5 डिसेंबरला तिथे धारातीर्थी पडले, परमवीर चक्र मिळालं. त्या मातीत आपलंही रक्त सांडलंय, आणि आपण किती सहज म्हणतो, 'त्यांना पेललं नाही'.

1965 ला मोबुटू कायमचा बसला. पुढच्या वर्षी चार राजकारण्यांना राजधानीत हजारोंच्या गर्दीसमोर फासावर चढवलं, म्हणजे सगळे सरळ झाले. मग देशाचं नाव झैरे, ख्रिस्ती नावं बदला, कोट-टाय बंद. हे तिथल्या लोकांना सुरुवातीला मनापासून आवडलं असणार, मला ते समजतं. इतकी वर्षं ज्यांना माणूस म्हणून मोजलं नाही, त्यांना स्वतःचं नाव परत मिळत होतं. म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. त्या भुकेवर त्याने स्वतःची पोळी भाजून घेतली. 1973 मध्ये परक्यांची दुकानं, मळे काढून आपल्या गोतावळ्यात वाटले. थोड्याच दिवसांत फडताळं रिकामी. टीव्हीवर बातम्यांआधी तो ढगांतून खाली उतरताना दिसायचा. जंगलातल्या ग्बाडोलिटे गावी त्याने कॉन्कॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी बांधली आणि देशभरातले रस्ते रान गिळत गेलं. लोक आपसात 'कलम 15' म्हणायचे. अर्थ एवढाच : तुमचं तुम्ही बघा.

आणि तरी निक्सनपासून थोरल्या बुशपर्यंत व्हाइट हाउसचं दार त्याला उघडंच होतं. 1978 मध्ये कटांगात बंडखोर घुसले तेव्हा फ्रेंच आणि बेल्जियन छत्रीधारी सैनिक धावून आले. लोकांनी त्याला निवडला नव्हता आणि तो लोकांच्या जिवावर टिकलाही नव्हता.

शिस्त म्हणाल, तर 1993 मध्ये त्याच्या सैनिकांना पगार मिळाला 50 लाख झैरेच्या (चलनाचं नावही झैरेच) नव्या नोटांत. दुकानदार त्या घेईनात. सैनिकांनी राजधानी किन्शासा लुटली. 1997 ला मोबुटू पळाला आणि काही महिन्यांत मोरोक्कोत मेला.

लुमुंबांचा एक दात मात्र उरला होता. देह नष्ट करणाऱ्या बेल्जियन पोलिसाने तो स्वतःजवळ ठेवला होता. जून 2022 मध्ये ब्रुसेल्सला तो त्यांच्या मुलांच्या हवाली केला. त्यांनी तो पूर्ण आकाराच्या शवपेटीत ठेवून घरी नेला.