गर्दीचा दबाव शिट्टीपर्यंत पोचतोच

‘रेफ्री कच्चे, म्हणून निर्णयांत एकवाक्यता नाही’ हे फुटबॉलच्या रेफ्रींवरच्या लेखातलं म्हणणं मला अर्धवट वाटतं. 2020 मध्ये कोरोनामुळे युरोपात प्रेक्षकांविना सामने झाले, तेव्हा पाहुण्या संघाला एरवी जास्त मिळणारी पिवळी कार्डं बरीच कमी झाली. रेफ्री तेच, नियमही तेच. फक्त आरडाओरडा नव्हता. स्पॅनिश लीगमध्ये तर यजमान एका गोलने मागे असले की वाया गेलेल्या वेळेबद्दल रेफ्री शेवटी देतो तो भरपाईचा वेळ वाढतो, पुढे असले की आटतो, हे 2005 च्या अभ्यासातच दिसलं होतं.

आमच्या परभणीकडे शालेय सामन्यांना रेफ्री म्हणजे बहुतेकदा कुठल्यातरी शाळेचे क्रीडाशिक्षक. पालक अगदी टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला, खेटून उभे, मध्ये साधी दोरीसुद्धा नाही. एका सामन्यात हँडबॉलची पेनल्टी दिली म्हणून माणसं सरांच्या अंगावर धावून गेली. उत्तरार्धात त्याच संघाकडून तसाच हँडबॉल झाला; सरांनी शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि खाली घेतली. त्यांना नियम येत नव्हता, असं कसं म्हणायचं? आपल्याकडे व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासायची सोय, कुठून येणार! पण दोरी बांधा, प्रेक्षक मागे हटवा आणि रेफ्री शेजारच्या जिल्ह्यातून बोलवा. हिंगोली, नांदेड काही लांब नाही.