खुलासा: मार्कस स्मार्ट ‘पहिला गार्ड’ नव्हे

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळवणारा मार्कस स्मार्ट हा पहिलाच गार्ड (रिंगपासून दूर राहून चेंडू खेळवणारा, सहसा कमी उंचीचा खेळाडू), असा दावा फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे. हा पुरस्कार १९८३ मध्ये सुरू झाला आणि पहिली दोन्ही वर्षे तो सिडनी मॉन्क्रिफ या गार्डनेच नेला. पुढे १९८८ मध्ये मायकेल जॉर्डन, १९९६ मध्ये गॅरी पेटन. पेटननंतर २६ वर्षांनी, २०२२ मध्ये, स्मार्टचा नंबर लागला. हेही काही थोडं नाही.

सव्वासहा फुटांचा हा गडी रिंगखाली आपल्याहून वीतभर उंच सेंटरला (रिंगजवळ खेळणाऱ्या, सहसा सर्वांत उंच खेळाडूला) खांदा लावतो, पाय रोवतो आणि त्याला पुढे सरकू देत नाही. नेम मात्र कच्चा. त्या हंगामात त्याचे तीन गुणांचे साधारण तीनांतले दोन फटके हुकले.