ब्रिटनीचा सातबारा

परवा रात्रीपासून आमच्या वाडीत मी ‘पुतणीचे पैसे खाणारा काका’ आहे. पुतणी आठवीत आहे, वय १३. तिच्या नावावर एक सायकल आहे आणि तिची मागची ट्यूब मीच बदलून दिली आहे. पण हे सांगणार कोणाला? काल संध्याकाळी खाली मासे घ्यायला गेलो. बांगड्यांचा वाटा महाग वाटला म्हणून नुसता चेहरा केला, तर बाई म्हणाली, “घेवा घेवा, तुमका काय, तुमका परवडता.” शेजारच्या दोघी पदरात तोंड लपवून हसल्या.

या सगळ्याचं मूळ लास वेगासमध्ये आहे.

आमच्याकडे नवरात्रात देवळासमोर रेकॉर्ड डान्स स्पर्धा असते. मालवण-वेंगुर्ले रस्त्यावरच्या बहुतेक गावांत असते. पुतणीने यंदा त्यासाठी ब्रिटनी स्पिअर्सचं ‘पीस ऑफ मी’ निवडलं. गाणं २००७चं, म्हणजे पोरगी जन्मायच्या आधीचं. मोबाइलवर कुठेतरी सापडलं, ठेका आवडला, असं ती म्हणते. वर्गात तिच्याबद्दल कोणीतरी काहीबाही उठवलंय. काय ते मला सांगत नाही. पण सराव करताना माजघरात ज्या रागाने पाय आपटायची, त्यावरून गाणं नुसतं ठेक्यासाठी घेतलेलं नाही एवढं मला कळत होतं.

मंडळाचा नियम असा की इंग्रजी गाणं असेल तर त्याचा मराठी अर्थ लिहून द्यायचा, खाली पालकाची सही. फक्त इंग्रजीला. हिंदीला अर्थ लागत नाही, कारण तो सगळ्यांना आधीच कळलेला असतो. गेल्या वर्षी पाचवीतल्या पोरीने ज्या गाण्यावर पहिलं बक्षीस घेतलं, त्याचा अर्थ कोणी लिहून मागितला असता तर लिहिणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला असता. असो. मुलीचे आईवडील डोंबिवलीला. ती लॉकडाउनमध्ये आजीकडे आली ती इथेच रमली. म्हणून पालक मी. अर्थ लिहिला, सही ठोकली आणि स्टॅंडवरच्या हॉटेलात गेलो, कारण मंडळाचं कार्यालय म्हणजे त्या हॉटेलातलं भिंतीकडचं टेबल.

टेबलावर आबा होते.

आबा मंडळाचे सल्लागार. त्यांना या पदावर कोणी नेमलं हे विचारायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही. त्यांचा बांधावरून एक दावा चालू आहे. तो वडिलांनी घातला, आबा चालवतात, आणि हल्ली मुलगा तारखेला मुंबईहून येतो. त्यामुळे आबांना गावातले सगळे सातबारे तोंडपाठ, फेरफारांसकट, म्हणजे कोणाचं नाव कधी चढलं आणि कधी उतरलं त्या नोंदींसकट. मी दिलेला कागद त्यांनी नाकाजवळ नेला, अंगठा जिभेला लावला आणि पान उलटून मागची कोरी बाजूही वाचली.

“ही बाय खंयची?”

अमेरिकेची, मी म्हटलं.

“अमेरिका मोठी आसा. गाव खंयचो?”

जन्म मिसिसिपीतला, वाढली लुइझियानात, केंटवूड नावाच्या एका छोट्या गावात. पुतणीने हे सगळं माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

“म्हणजे गावचीच. मगे लोक बोलतलेच. काय बोलले?”

इथे मला खरं तर चहा घेऊन उठता आलं असतं. पण समोरचा माणूस अर्थ विचारतो आहे आणि आपल्याला तो येतो आहे, असे प्रसंग आयुष्यात थोडे. मी सांगायला लागलो. जानेवारी २००४मध्ये तिने लास वेगासमध्ये बालपणीच्या मित्राशी लग्न केलं, ते ५५ तासांत रद्द झालं.

आबांनी हात वर केला. “थांब. ५५ तास? आमच्याकडे ५५ तासांत अंगाची हळद उतरणा नाय.”

मग त्याच वर्षी दुसरं लग्न, एका डान्सरशी. दोन मुलगे. मग घटस्फोट. फेब्रुवारी २००७मध्ये तिने एका सलूनमध्ये जाऊन स्वतःच मशीन हातात घेतलं आणि डोकं भादरलं. बाहेर फोटोग्राफर काचेला कॅमेरे लावून उभे. ते फोटो जगभर गेले, बाई वेडी झाली म्हणून.

“केस कापल्यान म्हणान?”

हो.

“तिरुपतीक आमची अर्धी वाडी कापून इली. कोणी फोटो काढूक नाय.”

तेवढ्यात बाजूच्या बाकावरून मासेवाली बाई सरकून जवळ आली. तिची एसटी उशिरा होती आणि पाटी रिकामी होती, म्हणजे वेळ आणि मन दोन्ही मोकळं. मी पुढचं सांगितलं. सप्टेंबर २००७मध्ये एमटीव्हीच्या समारंभात, तेही लास वेगासलाच, ती नव्या गाण्यावर नाचली. बऱ्याच दिवसांनी स्टेजवर आलेली. आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी लिहिलं काय, तर तिच्या पोटाबद्दल. धाकटा मुलगा तेव्हा जेमतेम वर्षाचा.

“कोणी लिवल्यानी ता?” बाईने विचारलं. “बापयांनीच मां?”

हॉटेलातले सगळे बापये आपापल्या बशीत बघू लागले.

“मगे ह्या गाण्यात तेंका गाळी घातल्यान?” आबा मुद्द्यावर आले.

गाळी नाहीत, टोमणे आहेत, मी म्हटलं. वर्तमानपत्रं तिला काय काय म्हणतात ते तीच मोजून दाखवते, वर विचारते, अजून काही हवंय का माझ्यातलं?

“नावां घेवन?”

नावं नाहीत.

“नाव घेवक नाय, तर लागतला कोणाक?” आबांचा विरस झाला. गावात टोमणा मारायचा तर घराण्यासकट मारतात.

आणि त्यांना कुतूहल वाटावं म्हणून मी सांगितलं की मुळात गाणं तिने लिहिलेलंच नाही. स्वीडनच्या तिघा बापयांनी लिहिलं, आणि मागच्या आवाजात रॉबिन नावाची एक स्वीडिशच गायिका आहे. मला वाटलं, आता ते गाणं बाद करणार. उलट त्यांचा चेहरा खुलला.

“म्हणजे गाऱ्हाणा तिचा आणि घातल्यानी दुसऱ्यांनी! बराबर आसा. आपला गाऱ्हाणा आपण घालूचा नसता. गावकाराक सांगूचा, तो देवाक सांगता, आपण मागे उभ्यान ‘व्हय म्हाराजा’ म्हणूचा. मगे? देवान काय केल्यान?”

२००८मध्ये या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीची तीन बक्षिसं मिळाली, त्यात वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचंही.

“पावलो!”

नाही ना पावला, आबा. बक्षिसं मिळाली सप्टेंबरात. त्याआधी फेब्रुवारीतच कोर्टाने बाईचा सगळा कारभार तिच्या बापाच्या हाती दिला होता. पैसे, करार, डॉक्टर, सगळं.

आबांनी भजी तोंडापर्यंत नेली होती, ती खाली ठेवली. “वय किती होता तिचा?”

२६.

“सव्वीस वर्सांच्या बायेक अपाक!”

ज्यांना कोकणातली सामायिक जमीन वारशात मिळालेली नाही, त्या सुखी माणसांसाठी सांगतो. अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता. खातेदार १८ वर्षांखालचा असला की सातबारावर त्याच्या नावापाशी सांभाळणाऱ्याचं नाव येतं. मूल मोठं झालं की तो शेरा काढायचा असतो. काढायचा असतो म्हणजे अर्ज करायचा, पाठपुरावा करायचा, अर्ज हरवला की पुन्हा करायचा. त्यामुळे पेन्शन घेणारे, नातवंडं खेळवणारे ‘अज्ञान’ आमच्या भागात कमी नाहीत. आबा स्वतः पन्नाशीपर्यंत अज्ञान होते. त्यांना सांभाळणारे काका तर कधीच वारले होते.

आता आबांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं. ती काम करीत होती काय? करत होती, म्हटलं. अल्बम काढले, दौरे केले, २०१३च्या डिसेंबरपासून २०१७ संपेपर्यंत लास वेगासला शो केला, आणि शोचं नाव काय, तर याच गाण्याचं. गाण्यात जे विचारलं होतं, त्याचीच तिकिटं विकली.

“पैसे?”

कारभार बापाकडे.

“आणि बापाशीक काय?”

पगार.

आबा उभे राहिले. कमरेला त्रास असल्यामुळे ते सहसा उभे राहत नाहीत. “सख्ख्या चेडवाचे पैसे सांभाळूक पगार! अरे, आमच्या काकान फुकट खाल्ल्यान, पण पगार घेवक नाय!” हॉटेलवाल्याने झारा कढईत तसाच धरला होता. भज्यांचा एक घाणा त्यात करपला आणि तो नंतर माझ्याच बशीत आला. बिलासकट.

“निकाल कधी लागलो?”

नोव्हेंबर २०२१. तेरा वर्षांनी.

आबा हळूहळू खाली बसले. “तेरा वर्सांत लागलो? नशीबवान बाय.”

मग त्यांनी कागदावर ‘मंजूर’ लिहिलं आणि वर म्हणाले, “गाणा घेवा. पण लोकांका आधी वायच समजावन सांगूक व्हया. ता मी सांगतंय.”

परवा रात्री पुतणी चंदेरी टॉप घालून स्टेजवर उभी राहिली, हात वर, मान खाली, अगदी व्हिडिओतल्या तोऱ्यात. गाणं सुरू होणार, इतक्यात आबांनी माइक घेतला. माइक दर तिसऱ्या शब्दाला शिटी मारत होता. आबा ब्रिटनीबद्दल बोलत होते हे मला ठाऊक, कारण मला कथानक पाठ होतं. मागे खुर्च्यांवर बसलेल्यांना आणि रस्त्यापलीकडे आइस्क्रीमच्या गाडीशी उभ्या असलेल्यांना जे ऐकू गेलं ते असं: “ह्या चेडवार... अन्याव... तेरा वर्सा... घरच्यांनीच... पैसे... अपाक...” आणि मग शिटी थांबून अगदी स्वच्छ, “माका तिच्या काकान सगळा सांगल्यान!” वर पुतणीकडे हात.

लोकांनी पोरीकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे. गाणं वाजलं ते साडेतीन मिनिटं मी चारशे माणसांच्या नजरेखाली बसलो होतो. पोरगी नाचली मात्र झकास. तिला उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं बक्षीस हिंदीला.

मला आधीच्या गजाली चालत होत्या. मी घरून काम करतो, म्हणजे मला नोकरीवरून काढलंय, हे ठरलेलंच होतं. मालवणला दात काढायला गेलो तर घरी परत येईपर्यंत मला साखर लागली होती आणि आईला दोघींनी कारल्याचा रस सांगून झाला होता. लग्न झालेलं नाही, त्याची तर तीन वेगवेगळी कारणं वाडीत आहेत, आणि त्यातलं एक मलाही पटतं. हे सगळं मी हसून सोडून दिलं. पण पैशाचं वेगळं. पैसे खाल्ले म्हटलं की हसताही येत नाही. हसलो तर निर्ढावलेला, चिडलो तर खरं असणार, गप्प बसलो तर बघा, तोंड आहे का बोलायला. हे काल आईने देवळातून आल्यावर मला विचारलं तेव्हा कळलं. माझ्या आईने! “काय रे, ह्यातला काय खरा आसा काय?” असं. ती माझ्याच घरात माझ्यासमोर राहते. पुतणीचा जमाखर्च तिच्याच डब्यात असतो. तिनेही दोन क्षण थांबून विचारलंच.

उत्तर द्यावं तर कसं? मला स्वीडनचे तिघे कोण देणार? वाडीत भजनी मंडळ आहे, पण बातमी वरच्या वाडीत नेणारे दोघे त्यातलेच.

पुतणी मात्र खूश आहे. काल शाळेतून नाचतच आली. “काका, भारी झालं. माझं ते सगळे विसरले. आता सगळ्या तुझंच विचारतात.” मी विचारलं, तू काय सांगितलंस? म्हणाली, “काही नाही. नुसतं खाली बघितलं.”

रात्री डोंबिवलीहून दादाचा फोन. कोकणकन्येला मुंबई गाठायला रात्र जाते, गजालीला अर्धा तास पुरतो. दादा थेट आरोप करणारा माणूस नाही. त्याने आधी पाऊस विचारला, मग आंब्याला खत घातलं का विचारलं, मग म्हणाला, “सहज म्हणून, सातबारा एकदा काढून पाठव ना. असू दे हाताशी.” सख्खा भाऊ. सहज म्हणून.

आज सकाळी ऑनलाइन १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला, झेरॉक्सवाल्याकडे जाऊन प्रिंट घेतली. त्यात पुतणीचं नाव नाही, अपाक नाही, मी आहे, दादा आहे, आई आहे आणि मागच्या पिढीतल्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन आत्या आहेत. एक प्रत दादाला पाठवली. दुसरी हॉटेलात नेऊन भिंतीकडच्या टेबलावर आबांपुढे ठेवली. म्हटलं, आबा, वाचा. मोठ्याने वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

आबांनी कागद नाकाजवळ नेला. अंगठा ओला केला. पुढून वाचला, मागून वाचला. मासेवाली बाई बाकावरून सरकली. हॉटेलवाल्याने गॅस बारीक केला.

“ह्यो आजचो,” आबा म्हणाले. “आजचो सातबारो कोणय दाखयत. फेरफार दाखय.”