सशाच्या डोळ्याला पाणी येतंय? आधी तोंडात बघा

गेल्या काही महिन्यांत चार वेगवेगळ्या ग्रुपमधून मला एकच फॉरवर्ड आला. मथळा असा, 'सशाचे डोळे आलेत? घाबरू नका, घरच्या घरी उपाय.' त्यात सांगितलेलं थोडक्यात असं: डोळ्यातून पाणी किंवा पांढरं येणं म्हणजे वारा लागून डोळे येणं. त्यावर गुलाबपाणी घालावं, नाहीतर मधाचं बोट फिरवावं. तेवढ्याने भागलं नाही तर घरातले माणसांचे थेंब दोन-दोन घालावेत. गाजर वाढवावं. डोळा लाल दिसला तर रोग बळावला समजावं, पांढरा डाग दिसला तर म्हातारपणाचा मोतीबिंदू म्हणून सोडून द्यावं. आणि काही झालं तरी डॉक्टरकडे नेऊ नये, ससा भीतीने मरतो. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

यातली एकच गोष्ट मला पटली. चिपडं ओढून न काढता कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून पुसावीत, असं मध्येच एका ओळीत म्हटलंय. मेडिकलमधलं सलाइन असेल तर आणखी चांगलं. बाकीच्या मजकुरातले दोन उपाय मी स्वतः करून बसलेय, म्हणून हे लिहितेय.

'वारा लागून डोळे आलेत.' आमच्या भुरीच्या उजव्या डोळ्याखालची लव सतत ओली असायची. मग ती चिकटून तिची वात झाली, नंतर तिथले केसच गेले आणि खालची कातडी लालभडक दिसायला लागली. डावा डोळा मात्र ठणठणीत. मी दहा दिवस डोळाच पुसत बसले. त्याच दहा दिवसांत ती गवताची काडी तोंडात घ्यायची, दोनदा चावायची आणि खाली टाकायची. हेही मी रोज पाहत होते, पण 'नखरे करतेय' म्हणून सोडून देत होते. डॉक्टरांनी डोळ्याकडे नंतर पाहिलं. आधी जबड्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, मग तोंडात नळकांडं घालून दाढा पाहिल्या आणि कवटीचा एक्स-रे काढला. वरच्या एका दाढेचं मूळ वर सरकून अश्रूंच्या नळीला दाबत होतं.

हे सशात वरचेवर का होतं, ते त्याची कवटी पाहिली की कळतं. अश्रू वाहून न्यायला माणसाच्या प्रत्येक डोळ्याला दोन बारीक भोकं असतात, वरच्या पापणीत एक आणि खालच्या पापणीत एक. सशाला एकच असतं, खालच्या पापणीत, आतल्या कोपऱ्याजवळ. तिथून निघालेली नळी वरच्या जबड्याच्या हाडातून, दाढांच्या आणि पटाशीच्या दातांच्या मुळांना घासून नाकापर्यंत जाते. वाटेत तिला अवघड वळणं आहेत आणि वळणापाशी ती निमुळती होते. आता दात. सशाचे 28 दात आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. चावून झिजले नाहीत तर ते वर वाढतात तसे मुळाकडूनही मागे रेटत जातात आणि नळी चेपते. पाणी गालावर सांडतं, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि दुधासारखा पांढरा पू येऊ लागतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली हलकं दाबलं की तो त्या एकुलत्या भोकातून वर येतो. भुरीचा आला होता, आणि ते पाहून मला माझीच लाज वाटली होती.

यावर थेंब पुरत नाहीत. नळी धुवावी लागते. डोळा बधिर करून बारीक नळीने सलाइन सोडतात, ते साचलेली घाण घेऊन नाकपुडीतून बाहेर येतं. दाताचं दुखणं तसंच राहिलं तर नळी पुन्हा तुंबते. भुरीची तीनदा धुतलीय.

प्रत्येक पाणावलेला डोळा दाताचाच असतो असं नाही. दोन्ही डोळ्यांतून पाणी येत असेल आणि पिंजऱ्याजवळ गेल्यावर तुमच्याच नाकाला झोंबत असेल, तर तो मुतातल्या अमोनियाचा त्रास असतो. पिंजरा रोज धुवा, हवा खेळती ठेवा. एका डोळ्याचं अचानक सुरू झालं असेल तर कुसळ शोधा. दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाची म्हण आपण ऊठसूट वापरतो, पण सशाच्या डोळ्यात ते खरोखरचं असतं. वाळक्या गवताचं टोक तिसऱ्या पापणीच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या जादा पडद्याच्या, आड जाऊन बसतं आणि वरून काहीच दिसत नाही. त्यात ससा पापणी फार कमी लववतो, तासाला दहा-बारा वेळा. आपला डोळा जे मिनिटभरात झटकून टाकतो, ते त्याच्या डोळ्यात घासत राहतं.

'गुलाबपाणी, मध. नैसर्गिक आहे, अपाय नाही.' बाजारातल्या गुलाबपाण्यात सुगंधी द्रव्यं आणि टिकवण्यासाठीची रसायनं असतात, आणि घरातला मध निर्जंतुक नसतो. सशाचा डोळा किती नाजूक, याचा पुरावा प्रयोगशाळांनी फार पूर्वीच देऊन ठेवलाय. 1944 साली अमेरिकेत ड्रेझ चाचणी आली. शाम्पू, साबण, प्रसाधनं डोळ्याला झोंबतात का हे पाहायला पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात 0.1 मिलिलिटर पदार्थ सोडायचा आणि दुसऱ्या डोळ्याशी ताडून बघायचं. प्रसाधनांसाठीची ही क्रूर पद्धत भारतात 2014 साली बंद झाली. आपण मात्र घरात, प्रेमाने, तोच प्रयोग करतोय.

'माणसांचे थेंब चालतात.' हा सगळ्यांत घातक सल्ला, आणि माझा दुसरा गुन्हा. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीकडे डोळ्यांची साथ आली, मग राज्यभर पसरली, आणि घराघरांत थेंबांच्या अर्ध्या बाटल्या उरल्या. आमच्याही फ्रीजच्या दारात एक होती. अशा बाटल्यांत पुष्कळदा अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. बुबुळावर ओरखडा किंवा जखम असेल तर स्टेरॉइडने ती भरायची थांबते, चिघळते, कधी बुबुळाला भोक पडतं. आणि जखम नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. डॉक्टर डोळ्यात फ्लुरोसीन नावाचा रंग घालतात आणि निळ्या उजेडात बघतात. जखम असेल तिथे हिरवं चमकतं. तेवढं पाहिल्याशिवाय स्टेरॉइडचा थेंब घालायचाच नाही. त्याच रंगाचा आणखी एक उपयोग आहे. थोड्या वेळाने तो नाकपुडीत उतरला तर नळी मोकळी आहे, नाही उतरला तर बहुधा तुंबलीय. भुरीच्या डोळ्यात मी तीन दिवस ते थेंब घातले. सुदैवाने जखम नव्हती, यात माझी अक्कल काही नव्हती.

याच सल्ल्याचं शेपूट म्हणजे 'गुण आला नाही तर लहान मुलांचं अँटिबायोटिक पाजा'. अमॉक्सिसिलिन सशाला तोंडातून दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी वाढतात आणि ससा दगावू शकतो. डोळ्याच्या चिपडापायी जीव.

'गाजर वाढवा.' गाजरात साखर जास्त आणि चावणं कमी. दाढा झिजतात त्या गवताने, कारण गवत चावताना जबडा आडवा फिरतो आणि गवतातली सिलिका कानशीसारखं काम करते. दूर्वा म्हणजे हरळी, वाळलेलं गवत दिवसभर पुढ्यात हवं. लसूणघास मोठ्या सशाला रोज भारंभार नको, त्यात कॅल्शियम फार. गाजराचा तुकडा कौतुकापुरता.

'लाल डोळा म्हणजे रोग बळावला.' पांढऱ्या, रंगद्रव्य नसलेल्या सशाचा डोळा जन्मापासूनच लाल असतो. आतल्या रक्तवाहिन्या दिसतात, बस्स. बघायचं ते पापणीच्या आतलं अस्तर, आणि डोळा मिटून धरतोय का ते.

'पांढरा डाग म्हणजे म्हातारपण.' वर्ष-दीड वर्षाच्या सशाच्या एकाच डोळ्यात बाहुलीमागे पांढरं-पिवळट ढेकूळ दिसलं तर ते वयाचं असेल कसं? एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी पिल्लाला आईच्या पोटातच लागतो आणि घडत असलेल्या भिंगात जाऊन बसतो. पुढे कधीतरी भिंगाचं आवरण फुटतं आणि आतला भाग बाहेर येऊन डोळा सुजतो. हाच परजीवी मान वाकडी होण्यामागेही असतो. त्यावर फेनबेंडाझोल हे जंतनाशक सलग 28 दिवस, सोबत सूज उतरवणारी औषधं, आणि कधीकधी डोळा काढावाच लागतो. एका डोळ्याचा ससा मजेत जगतो. बुबुळाच्या पृष्ठभागावर पडलेलं फूल मात्र वेगळं, ते बहुतेकदा जुन्या जखमेचा वण असतं. आणि एखादा डोळा बाहेर आल्यासारखा दिसला तर मागे गळू असण्याची शक्यता मोठी, आणि तेही पुष्कळदा दाढेचंच. त्या दिवशी सकाळची वाट बघू नका.

'डॉक्टरकडे नेलं तर भीतीने मरतो.' ससा घाबरट असतो हे खरं. पण तो दुखणं लपवणाराही असतो, आणि दुखण्यापायी खाणं बंद झालं की बारा तासांत आतडं थंडावू लागतं. भीतीपेक्षा ते जास्त सशांना नेतं. नेताना टोपलीत त्याचंच गवत अंथरा, वरून चादर टाका, कुत्र्यांच्या रांगेत बसवू नका. सगळेच पशुवैद्य ससे पाहत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा. आणि भूल द्यायची असेल तेव्हा 'रात्रभर उपाशी ठेवा' असं कोणी सांगितलं, तर उपाशी ठेवतात ते भुलीत उलटी होऊ नये म्हणून, आणि ससा तर ओकूच शकत नाही, हे नम्रपणे सांगून दुसरा डॉक्टर शोधा. आम्ही असे दोन सोडले. तिसऱ्याने पहिला प्रश्न विचारला, 'गवत किती खाते?'