गाठ ६ मिलिमीटरची, कोड १.४ सेंटिमीटरचा

अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या बिलांबद्दल एक दावा पुन्हा पुन्हा वाचायला मिळतो. चेहऱ्यावरचा त्वचेचा छोटा कॅन्सर काढला की डॉक्टर आकार फुगवून वरचा कोड (बिलात प्रत्येक उपचारासाठी टाकायचा ठरावीक क्रमांक) लावतात, कापण्याचे आणि शिवण्याचे पैसे वेगवेगळे उकळतात आणि चेहरा आहे म्हणून जास्त लावतात, असं म्हणतात. पुरावा काय, तर पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि बिल शेजारी ठेवून बघा, आकडे जुळत नाहीत.

आकडे जुळत नाहीत हे खरंच आहे. ते जुळायला नकोतच.

चेहरा, कान, पापण्या, नाक आणि ओठ इथली कॅन्सरची गाठ कापून काढण्यासाठी सीपीटीमध्ये, म्हणजे उपचारांच्या कोडच्या अमेरिकन यादीत, ११६४० ते ११६४६ या पट्ट्यातले कोड आहेत. ०.५ सेंमीपर्यंत ११६४०, ०.६ ते १.० ला ११६४१, १.१ ते २.० ला ११६४२, असं करत ४ सेंमीच्या पुढे ११६४६. पण हे माप नुसत्या गाठीचं नसतं. गाठीचा सर्वांत मोठा व्यास, अधिक ती पुरती निघावी म्हणून दोन्ही बाजूंनी घेतलेलं कमीत कमी मार्जिन (गाठीभोवतीची निरोगी कातडी), अशी बेरीज करायची असते. गालावर ६ मिमीचा, कमी जोखमीचा बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) असेल तर साधारण ४ मिमी मार्जिन घेतात. ६ अधिक ४ अधिक ४ म्हणजे १४ मिमी, १.४ सेंमी. कोड ११६४२. कुणी काही फुगवलेलं नाही.

हे माप कापण्याआधी, कातडी जागेवर असताना घ्यायचं असतं. काढलेला तुकडा आक्रसतो, फॉर्मेलिनमध्ये आणखी आक्रसतो, त्यामुळे पॅथॉलॉजीतला आकडा लहान येतो. उलटंही होतं, आणि ते दावा करणारे सांगत नाहीत: जखम सरळ रेषेत मिटावी म्हणून सर्जन डोळ्याच्या आकाराचा लांबट तुकडा काढतात. रिपोर्टमध्ये त्याची लांबी ३.५ सेंमी लिहिलेली असली तरी डॉक्टरला ३.५ चा कोड लावता येत नाही, कारण मार्जिन सर्वांत अरुंद बाजूचंच धरतात.

दुसरा आरोप टाक्यांचा. साधे, एका थराचे टाके कापण्याच्या कोडमध्येच धरलेले असतात. त्यांचं वेगळं बिल आलं तर जरूर भांडा. कातडीखालचे थर वेगळे शिवावे लागले तर मात्र ते काम इंटरमीडिएट रिपेअर ठरतं आणि चेहऱ्यासाठी त्याचे १२०५१ पासूनचे कोड वेगळे लावता येतात. त्यातलं माप शिवलेल्या रेषेच्या लांबीचं. म्हणून १.४ सेंमीच्या एक्सिजनसोबत (गाठ कापून काढण्यासोबत) ४ सेंमीचा रिपेअर दिसला तर दचकू नये. शेजारची कातडी सरकवून फ्लॅप केला असेल तर नियम उलटा आहे: त्याच गाठीच्या एक्सिजनचा कोड फ्लॅपमध्ये सामावतो. दोन्ही लावले असतील तर तो डबल चार्जच.

चेहऱ्याचा वेगळा कोड हा शरीराच्या तीन विभागण्यांमधला एक, बस. धड-हात-पायांना ११६०० चा पट्टा, डोक्याची कातडी, मान आणि हातापायांचे पंजे यांना ११६२० चा. शिवाय कोड अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा असला तरी पैसे किती द्यायचे ते मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना) किंवा विमा कंपनी ठरवते. कोड म्हणजे किंमत नव्हे, हे मेडिकल कोडिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि तरी लोक विसरतात.

आता या दाव्यातून निसटलेली खरी गोम. कॅन्सरचा कोड पॅथॉलॉजीच्या निदानावर ठरतो, डॉक्टरच्या संशयावर नाही. शंका म्हणून रुंद मार्जिन घेतलं आणि गाठ साधी, कॅन्सर नसलेली निघाली, तर साध्या गाठींच्या ११४४० च्या पट्ट्यातलाच कोड लागतो. त्यामुळे चांगला कोडर (बिलावर हे कोड लावणारा) रिपोर्ट हातात येईपर्यंत विम्याचा क्लेम अडवून ठेवतो. 'रिपोर्ट यायचा आहे' म्हणून निदानाच्या जागी डी४८.५ टाकणं ही आमच्या कोडिंगच्या धंद्यातली जुनी खोड. तो डायग्नोसिस कोड पॅथॉलॉजिस्टनेच स्वभाव (साधी की कॅन्सरची) अनिश्चित म्हटलेल्या गाठीसाठी आहे. अपवाद एकच लक्षात ठेवण्याजोगा: आधीच्या बायॉप्सीत कॅन्सर सिद्ध झालेला असेल, तर नंतरच्या तुकड्यात काही उरलेलं सापडलं नाही तरी कॅन्सरचाच कोड राहतो.

मोज् सर्जरीला, म्हणजे थर काढत, लगेच तपासत फेऱ्यांमध्ये केलेल्या शस्त्रक्रियेला, ही मोजमापं लागूच नाहीत. तिथे १७३११ पहिल्या फेरीसाठी, १७३१२ पुढच्या प्रत्येक फेरीसाठी. अट ही की कापणारा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा डॉक्टर एकच हवा.

बिलावर संशय असेल तर ऑपरेटिव्ह नोट मागवा. तिच्यात कापण्याआधीचा व्यास, मार्जिन आणि टाक्यांचे थर लिहिलेले असायला हवेत. ते लिहिलेलं नसेल, तर तक्रार करायला जागा आहे.